डोक्यावर पेंडी, पोटाशी तानी

भात कापून झालं की शिवारात जो वास सुटतो त्याला आमच्याकडं नाव नाही. थोडा चिखलाचा, थोडा पेंढ्याचा, दवानं भिजलेल्या बुडख्यांचा. उन्हं तापायच्या आत येतो नि जातो, दिवस कलला की पुन्हा येतो. लोक म्हणतात, काय गोड वास आहे. मला तो अजून सोसत नाही. इतकी वर्षं झाली, सुगी आली की मी सकाळी ओसरीवर बसतो, नाकावर पटका धरतो नि वाट बघतो कधी ऊन चढतंय त्याची.

यंदाही सुगी आली. आता विळे दिसत नाहीत, मशीन येतं. घरघर करत या बांधावरून त्या बांधावर जातं नि एका सकाळीत सगळं शिवार बोडकं करून सोडतं. माझे पाय आता दोन ओंडके झालेत. परवा नात आली होती. तिनं मोबाइलवर दाखवलं, बेळगावात कसलीशी मॅरेथॉन झाली म्हणं. हजारो माणसं पळताहेत. त्यात एक गडी चाकांच्या गाडीत तान्हं मूल घालून ढकलत पळतोय. वाटेत कुणी पाणी देतंय, कुणी केळी, कुणी नुसत्या टाळ्या.

"बघा आजोबा, बाळाला घेऊन पळतोय," नात म्हणाली.

"डोक्यावर काय हाय त्याच्या?"

"डोक्यावर? टोपी."

"मग पळंना का."

ती हसत सुटली. मी हसलो नाही. ते मूल गाडीत झोपलं होतं, गाल टम्म फुगलेले. त्या गालांकडं मी बराच वेळ बघत राहिलो.

मी दोन यत्ता शिकलो. मास्तर बदलून गेले नि दुसरे आलेच नाहीत, त्याला मी काय करणार. हे अक्षर माझं आहे. शुद्धलेखन नात बघंल, पण घडलं त्यात तिनं हात घालायचा नाही असं बजावून ठेवलंय.

त्या काळी आमचा मुलूख नुकताच मुंबईकडून म्हैसुराकडं गेला होता. आम्हाला त्याचं काही नव्हतं, रान तेच, हिवताप तोच. कॅसलरॉकच्या पलीकडं गोव्यात अजून पोर्तुगीज होते. रामनगर म्हणजे रस्त्याकडेची थोडी दुकानं. आमची वाडी तिथून आत, मत्तीच्या नि किंदळाच्या झाडीत. आमचे पणजोबा खानापुराकडून आले नि रान तोडून भाताची खाचरं केली, तेवढीच काय ती आमची दौलत.

तानी पावसाळा सरता सरता झाली. तिच्या आधीची दोन गेली होती. म्हणून तिचं बारसं केलं नव्हतं, नुसती तान्ही, तानी असंच म्हणत होतो. जगली तर नाव ठेवू.

सुगी तोंडावर आली नि शेवंताला, माझ्या बायकोला, हिवतापानं धरलं. दुपार झाली की ती थडथडायला लागायची. अंगावर घोंगडं, त्यावर पोतं, त्यावर मी, तरी दातांचा आवाज थांबायचा नाही. सरकारी माणसं घरात पांढरी पूड फवारून गेली, कडू गोळ्या देऊन गेली. ताप कधी जायचा, कधी यायचा. दूध मात्र आटलं ते आटलंच. त्या साली गुरांनाही रोग आला होता. वाडीतल्या दावणी रिकाम्या झाल्या होत्या, उरली ती जनावरं भाकड. पेजेचं पाणी बोंडल्यात, चोचीच्या वाटीत, घालून तानीच्या तोंडाला लावलं तर ती जिभेनं ढकलून टाकायची. ओठ असे मिटून घ्यायची जसं कुणी शिवलेत.

पहिल्यांदा खूप रडायची. मग रडणं कमी झालं. शेजारच्या बाया म्हणाल्या, "शानी झाली बघा पोर." दोन लेकरं पुरलेल्या माणसाला कळतं पोर गप्प का झाली ते.

माणूस अशा वेळी काय करतो? मी पळालो. मला दुसरं येतच काय होतं.

ओढ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला लाकूडतोड्यांचा मुक्काम पडला होता. धारवाडाकडची माणसं. त्यात बसव्वा नावाची एक बाई होती, मुक्कामाचा स्वयंपाक करायची. तिच्या कडेवर तिचा अंगावर पिणारा मुलगा होता, चांगला गुटगुटीत. मी तानीला शेवंताच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटाशी बांधलं नि सगळं रान पळत ओलांडून तिच्या खोपटापुढं जाऊन उभा राहिलो. मी कुणापुढं कधी हात पसरलेला माणूस नव्हे.

बसव्वानं माझ्याकडं बघितलंच नाही. लुगड्यात डोकावली, तानीची हनुवटी बोटानं उचलली.

"कूसु कितीचं?" तिनं विचारलं. कूसु म्हणजे त्यांच्यात तान्हं मूल.

मी सांगितलं.

"मग मूग गिळून काय उभा ऱ्हायलास, अण्णा? आण हिकडं."

तेव्हापासून रोज. पहाटे कापणी, उन्हं वर आली की विळा बांधावर टाकायचा, तानीला बांधायचं नि पळायचं. ती प्यायली की परत पळत येऊन पेंड्या बांधायच्या. दिवस कलला की पुन्हा एकदा. मध्ये जो वेळ असेल त्यात शेवंताच्या तोंडात पेज घालायची. भात काही थांबत नाही. पिकलेलं भात उभं राहिलं तर दाणा मातीत जातो, रानडुकरं येतात. माझ्या खाचरात अर्धं भात आडवं झालं ते तसंच. त्याच्याकडं बघायला मान वळवली नाही.

बांधावरची माणसं थट्टा करायची. "तानीला घोडा गावला रं घोडा!" कुणी म्हणायचं, "नाल ठोकून घे की पायाला!" मी उलट ओरडायचो, "तुज्या बापाला ठोक!" खरं तर मला त्यांचा राग येत नव्हता. पळताना एक व्हायचं. तानीचं डोकं माझ्या बरगडीवर लयीत आपटायचं, ठक ठक ठक, नि ती डोळे उघडून वर झाडांकडं बघायची. तेवढ्या वेळापुरती मला वाटायची आशा. थांबलो की जायची.

आता हे लिहिताना मशीन थांबलंय. शिवारात बगळे उतरलेत. एक शांतता आहे, त्या शांततेत मला ती ठक ठक ऐकू येते. छातीवर हात ठेवला तर आतूनच येते. वैद्य म्हणतो तुमचं काळीज दमलंय. दमंना का.

मग एके दिवशी बसव्वा म्हणाली, "अण्णा, इथलं लाकूड झालं. मुक्काम उठणार. तुमच्या देवीच्या जत्रेदिवशीच ट्रक येतो."

"कुठं जाणार?"

"मला काय ठाव? ट्रक जाईल तिकडं. कानडी मुलूख लई मोठा."

मी परत येताना पळालो नाही. पहिल्यांदाच चाललो. तानी पोटभर प्यालेली, झोपलेली, तिचा श्वास माझ्या अंगाला लागत होता, नि मला पायाखालची वाट दिसत नव्हती.

इथं शर्यतीचं सांगायला पाहिजे. डोंगरावर देवीचं देऊळ आहे. जत्रेदिवशी आसपासच्या वाड्यांतून एकेक गडी नव्या भाताची पेंडी डोक्यावर घेऊन पळत जायचा. ओढा, रान, मग चढण. सकाळी दव असताना सुटायचं, देवळात पोचेपर्यंत सूर्य माथ्यावर यायचा. नियम एकच. पेंडी वाटेत कुठंही टेकायची नाही नि दुसऱ्या कुणाचा हात तिला लागायचा नाही. जमिनीला लागली, दुसऱ्यानं धरली, की ती उष्टी. ज्याची पेंडी देवळाच्या दाराला पहिली लागंल त्याच्या वाडीचं भात देवीला पहिलं. बक्षीस म्हणून पागोटं नि नारळ. दोन साल लागोपाठ ते पागोटं मी बांधलं होतं. या रानात पळण्यात माझा हात धरणारा नव्हता, हे मी बढाई म्हणून सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक होतं.

पण त्या साली लाकडाच्या ठेकेदारानं लोकांना खूश करायला बक्षीस लावलं होतं. वासरासकट दुभती गाय.

ऐकलं तेव्हा मी खळ्यावर होतो. हातातली पेंडी तशीच राहिली. घरात जाऊन शेवंताला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे पिवळे.

"जिंकशिला?" तिनं विचारलं.

"जिंकीन."

"मग तवर ही काय पील? बसव्वा त्याच दिवशी जाणार म्हणताय न्हवं?"

ते खरं होतं. घरात तानीला सांभाळणारं कुणी नव्हतं. बाया पहाटेच चालत जत्रेला जाणार. मी म्हटलं, "बांधून न्हेतो. वाटंत बसव्वाकडं पाजतो नि तसाच वर जातो. सांजच्याला गाय घिऊन येतो."

शेवंतानं ते जुनं लुगडं स्वतः झटकलं, घडी घातली नि माझ्या उशाशी ठेवलं.

जत्रेच्या सकाळी बाकीचे गडी लंगोट कसून उभे होते नि मी पोटाशी पोर बांधून. वाडीचे कारभारी नाना गावकर पुढं आले.

"हे काय रं? नवऱ्याचा बाळंतपणाचा सोहळा हाय काय?"

सगळे खदखदले. वरल्या वाडीचा पांडू, माझ्याहून बराच तरणा, सगळ्यांत मोठ्यानं हसला.

"नाना, पेंडी टेकायची न्हाई एवढाच नेम हाय," मी म्हटलं. "पोर बांधायचं न्हाई असं देवीनं कुणाला सांगितलं असंल तर त्यानं पुढं यावं."

कुणी पुढं आलं नाही. नाना तानीकडं बघत राहिले. हसू त्यांच्या तोंडावरून कधी गेलं ते मी बघितलं. हळूच म्हणाले, "बांध घट्ट. पेंडी न्हवं. पोरीला."

मग पळणं. मी काय सांगू त्या पळण्याचं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पेंडी, एक हात पेंडीला, एक हात तानीच्या डोक्याला. लोंब्या कानाशी खसखसायच्या. दाणे मानेवरून पाठीत उतरून घामाला चिकटायचे. पळताना अंग हलतं, पण पेंडीखालची मान हलता कामा नये नि पोरीखालचं पोट हलता कामा नये. एका अंगात दोन माणसं पळवावी तसं. ओढ्यात पाणी गार होतं, दगड शेवाळलेले. सगळे गडी जपून उतरले, मी उडी मारली. देवीला म्हटलं, आज पाडलंस तर तुझ्या दारात परत येणार नाही.

पडलो नाही. ओढा ओलांडून मागं बघितलं तर कुणी दिसत नव्हतं. मुक्कामाच्या मोकळ्या जागेत आलो तेव्हा तर त्यांच्या पायांचा आवाजही येत नव्हता. मनात म्हटलं, गाय माझी.

ट्रक उभा होता. खोपटांवरचं गवत ओढून काढलं होतं, चुली फोडून टाकल्या होत्या. बसव्वा आपल्या बोचक्यावर बसली होती, पोरगा शेजारी मातीत. मला बघून तिनं हात पुढं केले. मी गाठ सोडून तानीला तिच्याकडं दिलं. लाज राखायला वाटेकडं तोंड करून उभा राहिलो. खाली बसता येईना, पेंडी ठेवता येईना. उभाच. मानेतल्या शिरा ताठलेल्या.

"कुडी, कुडी गं अव्वा," मागनं बसव्वा म्हणत होती. पी, पी गं माये.

मी ऐकत होतो. दोन घोट. मग थांबली. बसव्वानं तिच्या गालावर टिचकी मारली. पुन्हा एक घोट. पुन्हा थांबली. ओढायचंसुद्धा बळ नव्हतं तिच्यात. दमायची, डोळे मिटायची, मग आठवल्यासारखं पुन्हा ओढायची.

"अक्का, लवकर होतंय का?"

"मी पिते काय अण्णा? ती पिते. निल्लु." उभा ऱ्हा.

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. बसव्वानं वळून कानडीत त्याला अशी काही शिवी दिली की तो गप्प झाला.

झाडीतून पांडू बाहेर आला. पेंडी सरळ, पाऊल नेमकं. मला बघून एक क्षण अडखळला, मग खाली मान घालून गेला. त्याच्या टाचांची धूळ माझ्या तोंडावर आली. माझे पाय जागच्या जागी पळायला लागले. खरंच, जमिनीवर टाचा आपटत होत्या, मला कळलंसुद्धा नाही. आता उचललं तिला, आता बांधलं, तर पांडूला चढणीवर गाठीन. चढण माझी आहे. गाय म्हणजे उद्याचं दूध, परवाचं, सगळ्या हिवाळ्याचं दूध. नि मागं जो घोट चालला होता तो एका वेळेचा. डोक्याला हिशेब कळत होता. डोकं पेंडीखाली ओरडत होतं, उचल तिला, उचल.

मी वळलो. बसव्वाच्या पदराखालून तानीचा हात बाहेर आला होता. पाची बोटं बाईच्या लुगड्यात रुतवून धरली होती, इतकी घट्ट की बोटांच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. त्या हातात एवढा जोर मी कधी बघितला नव्हता. पेजेच्या वेळी ते हात लोंबत असायचे.

मी पुन्हा वाटेकडं तोंड केलं. दुसरा गडी गेला. तिसरा गेला, तो म्हणाला, "आरं, पळ की!" पुढं किती गेले ते मी बघितलं नाही. पेंडीतून दाणे गळत होते नि बसव्वाची राहिलेली एक कोंबडी माझ्या पायाशी ते टिपत होती. टिप टिप. मी उभा होतो.

शेवटी बसव्वा म्हणाली, "झालं. आपणहून सोडलं बघ."

मी गुडघे वाकवून उभा राहिलो, तिनं स्वतः तानीला माझ्या पोटाशी बांधलं. गाठ मारताना तिचं डोकं माझ्या छातीशी होतं, पण पेंडीला तिनं केससुद्धा लागू दिला नाही. मग पोराला उचलून ट्रकात चढली. काय बोलतात अशा वेळी ते मला आजही ठाऊक नाही. ट्रक एकीकडं गेला, मी दुसरीकडं.

चढणीवर मी पळालो तसा जन्मात पळालो नसेन. काहींना मागं टाकलं. पण देवळाशी आलो तेव्हा ढोल वाजून थांबले होते. गाईच्या कपाळाला हळद-कुंकू लागलं होतं. दावं पांडूच्या हातात.

मी माझी पेंडी दाराला लावली. अर्धी रिकामी झाली होती.

"टेकली न्हाई न्हवं वाटंत?" नानांनी विचारलं.

"न्हाई."

मग जे केलं ते त्याआधी कधी केलं नव्हतं नि त्यानंतर कधी करावं लागलं नाही. सगळ्यांच्या देखत मी पांडूपुढं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "तुज्या गाईचं दूध पायजे. माझ्या पोरीला. रोज."

मला वाटलं पांडू हसणार. तो म्हणाला, "गाय तुज्या दारात बांधणार न्हाई मी. जिंकलोय. तू ये न्यायला." मग तानीकडं बोट करून म्हणाला, "पळत ये. लोळत आलास तर नासंल दूध."

त्याच्या बोलण्यातला टोमणा मला कळला. टोमण्याच्या आत काय होतं तेही कळलं. मी मान हलवली.

तर असं झालं, की शर्यत हरलो नि सगळा हिवाळा पळत राहिलो. रोज उजाडताना वरल्या वाडीला. कळशी घेऊन जायचं, धारेचं ऊन दूध घेऊन यायचं. बक्षीस पांडूचं, पाय माझे. दुधात पाणी घालून शेवंता बोंडलं तानीच्या ओठांना लावायची नि ती ओठ मिटून घ्यायची. दूध ओघळून मानेत जायचं. मी तिथंच बसून असायचो, घाम निथळत, दम लागलेला, तोंड आ वासलेलं. एका सकाळी तिनं माझ्या त्या आ वासलेल्या तोंडाकडं टक लावून बघितलं नि आपलंही तोंड उघडलं. शेवंतानं बोंडलं आत सारलं. ती ओढायला लागली. शेवंता रडली. मी बाहेर जाऊन गोठ्याच्या मेढीला डोकं टेकवून उभा राहिलो.

बारसं त्यानंतरही केलं नाही. सवय झाली होती. ती तानीच राहिली. बसव्वाला शोधायला मी एकदा हल्याळापर्यंत गेलो होतो. कानडी मुलूख लई मोठा. शेवंता पुढच्या उन्हाळ्यात उठली, नांदली, म्हातारी होऊन गेली.

तानीचे केस आता पांढरे झालेत. रामनगराच्या अलीकडं दिलेली. दर सुगीला येते. तिच्या घरीही सुगीच असते, तरी येते. माझ्या घशाखाली आता भात उतरत नाही, पेज तेवढी चालते, तीही चमच्यानं, घोट घोट. कुणी भरवलेलं मला चालत नाही. सुनेला हाकलून देतो. तानीला हाकलता येत नाही.

काल दिवस कलताना ती निघायच्या बेतात होती. शेवटची जीप फाट्यावर येऊन उभी राहिली नि भोंगा वाजला. तानीनं बघितलं, माझी वाटी तशीच होती. खांद्याला पिशवी तशीच अडकवून ती माझ्यासमोर उभी राहिली नि चमचा पुढं केला. मी एक घोट घेतला. घसा थांबला. दम खाल्ला. पुन्हा एक.

"मावशी, येताय न्हवं?" जीपवाला ओरडला.

"थांब की रं जरा!"

"गाडी भरली, मी निघालो!"

मी म्हटलं, "जा तू. मी पितो माझं माझं."

तिनं ऐकलंच नाही. खांद्यावरची पिशवी तिनं खाली ठेवली नव्हती, पण पाय काही हलवले नाहीत. फाट्यावर जीप सुरू झाली, धूळ उडाली, आवाज रानात लांब लांब जात बुडून गेला. तानीनं तिकडं मान वळवून बघितलं. मग माझ्याकडं वळली.

"सावकाश घ्या, बाबा. तुमचं हू दे."

शिवारातून तो वास आला. चमचा ओठाशी होता. मी तोंड उघडलं.